यावलच्या काळ्या मातीत काश्मीरचा आयरिस

प्रश्न : जावयांची बदली श्रीनगरला झाली. तिथल्या घरमालकीणबाईंनी अंगणातल्या जुन्या पांढऱ्या आयरिसचे काही गड्डे लेकीला दिले, तिने ते मला आणले. केळीच्या कडेला लावले, पानं फुटली, पण आषाढात एक गड्डा सडला. बाकीचे वाचतील का? फूल येईल का? – एक वाचक भगिनी, यावल

उत्तर : ताई, उरलेले गड्डे केळीजवळून आजच काढा. ठिबक, शेणखत, पाणी धरणारी काळी माती, हे सगळं केळीला मानवतं आणि आयरिसला मारतं. आपण खानदेशी माणसं मे महिन्याच्या उन्हाची धास्ती घेतो, पण या झाडाचा खरा वैरी आपला पावसाळा.

गड्डा हळदीसारखा आडवा वाढतो. अंगठ्याने दाबून बघा. टणक असेल तर उत्तम. मऊ पडून घाण वास येत असेल तर ती जिवाणूंची सड. पांढरा, घट्ट गर लागेपर्यंत सुरीने कापा आणि दोन-तीन दिवस हवेशीर जागी सुकू द्या. मग पसरट कुंडीत निम्मी माती, निम्मी तापीची जाड वाळू. मुळं मातीत, गड्ड्याची पाठ उघडी. दिवसभर ऊन द्या असं सांगतात, ते थंड मुलखाला ठीक. आपल्याकडे होळीनंतर दुपारची सावली हवीच. पावसाळ्यात कुंडी ओसरीत घ्या. युरिया अजिबात नको.

आता फुलाचं. उंच दाढीवाल्या (खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या) आयरिसला कळी धरायला सलग थंडी लागते, आणि आपली पौषातली थंडी टिकत नाही. म्हणून 1844 सालची ‘मादाम शेरो’ ही जात (पांढऱ्या पाकळ्यांना निळी किनार, मला अतिशय प्रिय) इथे मागवा, असं मी कुणालाच सांगणार नाही.

तुमच्या गड्ड्यांबद्दल मात्र थोडी आशा आहे. काश्मिरात कबरींवर आयरिस लावायची रीत आहे. तशीच रीत अरबस्तानातल्या ‘अल्बिकन्स’ या पांढऱ्या आयरिसची. तो बी धरत नाही. लोकांनी गड्डे हातोहात दिले म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकला आणि दूरवर पसरला. उष्ण हवेत, कमी थंडीतही तो फुलतो. तुमचा तो आहे की ‘काश्मिरियाना’ हा काश्मीरचा आयरिस, हे फूल पाहिल्याशिवाय ठरणार नाही.

लेकीला सांगा, तिथली रोपं दर तीन-चार वर्षांनी बहर सरल्यावर विभागायची. आणि पुन्हा गड्डे पाठवले तर ओल्या फडक्यात नको, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून.