बोल्दोची पाने : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चिलीहून परतलेल्या मैत्रिणीने ‘बोल्दो’ नावाच्या वाळक्या पानांची पुडी दिली आहे. हे तमालपत्रच आहे का?

उत्तर : नाही. बोल्दो हा मूळचा मध्य चिलीतला सदाहरित वृक्ष असून हुआन इग्नासिओ मोलिना या चिलीच्या निसर्ग-अभ्यासकाने १७८२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याच्या प्रजातीत (जीनसमध्ये) दुसरी जातीच नाही. पाने जाड, चिवट आणि बारीक पुळ्यांमुळे हाताला खरखरीत लागतात. चुरल्यावर कापूर आणि निलगिरी यांची आठवण करून देणारा वास येतो. आपल्या तमालपत्राचा वास दालचिनीकडे झुकतो, त्यामुळे नाकाला हा फरक लगेच कळतो. उपयोग मात्र तसाच आहे : मांस, मासे किंवा कडधान्ये शिजताना एखादे पान घालावे आणि वाढण्यापूर्वी काढून टाकावे. दोन-तीन घातली, तर पदार्थ कडवट होतो. झाडाची छोटी पिकलेली फळे गोड असतात व तिकडे ती आवडीने खातात.

प्रश्न : पचनासाठी या पानांचा चहा रोज घेतला तर चालेल का?

उत्तर : रोज, महिनोन्‌महिने घेऊ नये. चिलीतील ‘मापुचे’ या मूलनिवासी समाजाचे लोक ही पाने फार पूर्वीपासून औषधात वापरतात आणि जड जेवणानंतर बोल्दोचा चहा घेण्याची तिथे घरोघरी रीत आहे. पानांतील बोल्डीन हे अल्कलॉइड (वनस्पतीजन्य रसायन) पित्तस्रावाला चालना देते, असे मानले जाते. परंतु याच पानांच्या सुगंधी तेलात ॲस्कॅरिडोल हा विषारी घटकही असतो. तो पाण्यात फारसा उतरत नाही, मद्यार्कात मात्र उतरतो. म्हणून तेल आणि मद्यार्कातील अर्क पोटात घेणे मी पूर्णपणे वर्ज्य मानतो. एक-दोन ग्रॅम पानांवर कपभर उकळते पाणी ओतून झाकून ठेवावे, म्हणजे आयुर्वेदात ज्याला फांट म्हणतात तसे करावे, आणि हा प्रयोग दोन आठवड्यांच्या आत थांबवावा. पित्तखडे, पित्तनलिकेतील अडथळा किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवती व स्तनदा मातांनी तो घेऊच नये.

प्रश्न : वडील रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेतात. त्यांना हा चहा द्यावा का?

उत्तर : कृपया देऊ नका. बोल्दो आणि मेथी एकत्र घेणाऱ्या, वॉरफरिन चालू असलेल्या एका रुग्णाचे रक्त गोठण्यास अधिक वेळ लागू लागल्याची नोंद २००१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे. मेथी तर आपल्या रोजच्या जेवणात आहे.

प्रश्न : आम्ही साओ पावलोत राहतो. शेजारीण परसातल्या ‘बोल्दो’ची मऊ, लवदार पाने पाण्यात चुरून देते. हेच का ते?

उत्तर : हे निराळे झाड आहे. ब्राझीलमध्ये परसबागेतल्या ज्या कडू झुडपाला बोल्दो म्हणतात, ते बहुधा कोलियस बार्बेटस असते, म्हणजेच आपल्याकडचे मैनमूळ. गुजरातेत गरमर म्हणून त्याच्या मुळांचे लोणचे घालतात. या मुळांतील फोर्स्कोलिन या रसायनावर मुंबईतही मोलाचे संशोधन झाले आहे. ते रक्तदाब उतरवते, त्यामुळे रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा रस पिऊ नये. चिलीच्या बोल्दोबद्दल वर दिलेले प्रमाण या झुडपाला लावू नका.

प्रश्न : कोकणात बोल्दो लावता येईल का?

उत्तर : मी सुचवणार नाही. त्याला हिवाळी पाऊस आणि कोरडा उन्हाळा मानवतो. कोकणात नेमके उलटे असते.