वर्कशॉप सांभाळून आमदारकी जमेल का?

प्रश्न: ताई नमस्कार. सातपूरला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, १४ माणसं कामाला, फर्म माझ्या एकट्याच्या नावावर. राज्य सरकारच्या एका खात्याला वसतिगृहांसाठी लोखंडी कॉट पुरवायचं काम घेतलंय, निम्मे दिलेत, निम्मे बाकी. मित्रमंडळी मागे लागलीत की पुढच्या विधानसभेला नाशिक पश्चिममधून अपक्ष उभा राहा. बायको म्हणते धंदा बसेल. दोन्ही जमतं का? – एक वाचक, सातपूर

उत्तर: भाऊ, आधी त्या कॉटचं बघा, बाकी सगळं नंतर. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९-ए आहे, त्यात स्पष्ट आहे की ज्या सरकारच्या सभागृहात तुम्हाला जायचंय त्याच सरकारला माल पुरवायचा किंवा त्याचं बांधकाम करायचा करार तुमच्या नावावर चालू असेल तर तुम्ही अपात्र. म्हणजे छाननीच्या दिवशी कॉट बाकी असले तर अर्ज तिथंच उडू शकतो. पण याच कलमात एक दिलासा पण आहे, तुमच्या बाजूचं काम पूर्ण झालं असेल आणि फक्त सरकारकडून पेमेंट यायचं राहिलं असेल तर तेवढ्यावरून करार चालू आहे असं धरत नाहीत. म्हणून बिल कधी निघेल याची काळजी नंतर करा, माल आधी पोचवा. आणि निवडून आल्यावरही असं नवीन काम घ्यायचं नाही, हे आत्ताच मनाशी पक्कं करा.

आता धंदा. आमदाराने स्वतःचा धंदा करू नये असा नियम नाही. मंत्री झालात तर वेगळं, मंत्र्यांच्या आचारसंहितेत धंदा चालवण्यातून बाहेर पडायला सांगितलंय. पण कायदा परवानगी देतो म्हणजे वेळ मिळतो असं नाही ना. मी एका आमदारांच्या ऑफिसात अकरा वर्षं काम केलंय, त्यांचं पण छोटं युनिट होतं. सकाळी सातपासून घरी माणसं, मग कोणाची दशक्रिया असेल तर रामकुंडावर, तिथे चार शब्द बोलायचे, मग कोणाचं अॅडमिशन कोणाचं हॉस्पिटलचं बिल कोणाचं रेशनकार्ड, संध्याकाळी लग्नं, आणि यातच युनिटमधून फोन की मशीन बंद पडलंय पार्टी ओरडतेय काय करू. पहिल्या वर्षातच त्यांची दोन जुनी गिऱ्हाइकं गेली. माल खराब नव्हता हो, फोन उचलायला मालक नव्हता एवढंच. अधिवेशन मुंबईत असलं की कसारा घाट उतरून जायचं, हिवाळी अधिवेशन नागपूरला, आणि सभागृहाच्या परवानगीशिवाय ६० दिवस बैठकांना गैरहजर राहिलं तर जागा रिकामी जाहीर करता येते.

म्हणून वहिनींचं म्हणणं मला पटतं, पण त्यावर उपाय आहे. फॉर्म भरायच्या निदान वर्षभर आधी वर्कशॉप दुसऱ्याच्या हातात द्या, भाऊ असेल, जुना फोरमन असेल. नुसतं तोंडी नको. एकट्याच्या नावाची फर्म भागीदारीत नेली की पॅन बदलतो, मग जीएसटी नंबर नवीन काढावा लागतो, बँकेचं सीसी लिमिट, म्हणजे धंद्यासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा, नव्याने करावं लागतं, यात सहज काही महिने जातात. तुमच्या सीएला आजच सांगा.

अजून एक, अर्जासोबत फॉर्म २६ चं शपथपत्र द्यावं लागतं. तुमचं आणि वहिनींचं पाच वर्षांचं रिटर्नमधलं उत्पन्न, कर्ज, मालमत्ता, केसेस सगळं त्यात येतं आणि ते कोणीही वाचू शकतं, तुमचं गिऱ्हाईक पण आणि समोरच्या गाळ्यातला स्पर्धक पण. घरात हे आधी बोलून घ्या.

अपक्षाला मतदारसंघातले १० सूचक, म्हणजे अर्जावर सही करून तुमचं नाव सुचवणारे मतदार, लागतात, अनामत १० हजार, आणि एकूण वैध मतांच्या सहाव्या भागापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख आहे. ते ४० लाख सीसी खात्यातून काढायचा विचार सुद्धा करू नका, ते पैसे पत्र्याचे आणि पगाराचे आहेत. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढावंच लागतं, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, नाही दिला तर तीन वर्षं अपात्र होऊ शकता.

एवढं सगळं सांगूनही मला मनापासून वाटतं की तुमच्यासारख्यांनी तिथे जायला हवं. २८८ जणांच्या सभागृहात दर महिन्याला १४ पगार स्वतः केलेला माणूस वेगळे प्रश्न विचारतो. भायखळ्याच्या बाजारात भाजी विकलेले छगन भुजबळ २००४ पासून आपल्या येवल्यातून निवडून येतायत, म्हणजे धंद्यातल्या माणसाला ही वाट बंद नाही. फक्त लोकांना खोटं आश्वासन देऊ नका. विजेचा दर वीज नियामक आयोग ठरवतो, जीएसटीचा दर जीएसटी कौन्सिलमध्ये ठरतो, गल्लीतला खड्डा महापालिकेचा. तुमच्या हातात तारांकित प्रश्न आहे, ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं, लक्षवेधी आहे, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायची सूचना, राज्याच्या कायद्यावर मत आहे, आणि अंबड-सातपूरच्या छोट्या युनिटची अडचण आतून माहिती असलेला माणूस हे नीट वापरू शकतो.

तर उरलेले कॉट पोचवा, पोच पावतीवर तारीख-सही-शिक्का घ्या आणि ती जपून ठेवा. मग वर्कशॉप कोणाच्या हातात द्यायचं ते ठरवून मला परत लिहा.