रोज पन्नास पुलअप्स काढतो, तरी क्लाइंबिंग करताना ओव्हरहँगवर (बाहेर झुकलेल्या कड्यावर) चौथ्या बोल्टला, म्हणजे दोर अडकवायला खडकात पक्क्या बसवलेल्या खिळ्याला, हात फुगतात. ताकद कशी वाढवू?

ताकद आहे हो तुमच्यात. मला आजही पन्नास पुलअप्स निघत नाहीत आणि बदामीतले ओव्हरहँग मी चढते. तुम्ही होल्ड, म्हणजे पकडायची खाच, गरजेपेक्षा जास्त आवळता, कारण पडायची भीती वाटते. आवळलेल्या हातात रक्त नीट फिरत नाही, कोपराखाली नुसता दगड होतो आणि क्लिप करायला, म्हणजे बोल्टला दोर अडकवायला, तो ओढतानाच बोटं उघडतात.

ही भीती पुण्यात रीतसर शिकवली जाते, म्हणून लिहायला बसले. आमच्या ग्रुपमध्ये एक सर होते. त्यांची हयात तैलबैला, नागफणी असल्या बेसाल्टवर गेली. तिथे पिटॉन (फटीत ठोकलेली खिळी) कधी निसटेल याचा भरवसा नाही, त्यामुळे ‘पडायचं नाही’ हा नियम तिथे रास्तच. पण बदामीच्या वालुकाश्मात, पक्क्या बोल्टवरही सरांचं तेच. मी सराव म्हणून बोल्टच्या वर जाऊन मुद्दाम हात सोडत होते, तर खालून आवाज, “अगं, पडायला आलीस का इथवर?” सगळी बॅच हसली. मी हवेत गोल फिरतेय, हाताला लावायची चॉकची पूड नाकातोंडात. म्हटलं, “हो सर, त्यासाठीच.” त्यानंतर आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं.

पुढे आपल्या पुण्याच्याच तुहिन सातारकरने बदामीचा ‘गणेशा’ हा रूट चढला, ८बी+ म्हणजे फारच अवघड श्रेणीचा. असले रूट न पडता जमतात का, हे सरांना विचारायचं राहूनच गेलं.

स्लॅबवर, म्हणजे तिरप्या कातळावर, पडलात तर गुडघे सोलतात. ओव्हरहँगवर खाली आपटायला खडकच नसतो. तेव्हा पडायला शिका, पकड आपोआप सैल होते. बाकी नेहमीचंच: कोपर सरळ, कंबर खडकाला, टाच अडकेल तिथे अडकवा. आणि डोक्यावरचा बोल्ट घाईने क्लिप करू नका, छातीशी येऊ द्या. पुलअप्स निम्मे केलेत तरी बिघडत नाही.

पहिल्या दोन-तीन बोल्टपर्यंत मात्र हा सराव नको, थेट जमिनीवर याल. बिलेयरने, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याने, दोर ताठ धरला तर झोक्याने भिंतीवर आदळून घोटा जातो, त्यामुळे त्याला आधी सांगून ठेवा. तो ‘पडायचं नाही’वाल्यांपैकी निघाला, तर दुसरा बघा.