ओल्या बाळंतिणीच्या नवऱ्यास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. बाळंतपणाला सव्वा महिना उलटून गेला तरी वेंगुर्ल्याला माहेरी असलेली सूनबाई गप्प असते, फोनवर ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलत नाही, असे तू लिहितोस. आणि त्याच पत्रात आंब्याची तोड सुरू झाल्याने देवगड सोडता येत नाही, असेही लिहितोस. हंगाम म्हणजे वर्षाची कमाई आणि पेटी वेळेवर वाशीला पोचली नाही तर भाव पडतो, हे मला ठाऊक आहे. तरीही आठवड्यातून निदान एक रात्र तोडीचे काम भावावर आणि गड्यांवर सोपवून तू वेंगुर्ल्याला जावेस आणि तिथे गेल्यावर जावई म्हणून पाहुणचार घेत बसू नयेस, असे माझे स्पष्ट सांगणे आहे.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींना होते आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही उदासपणा टिकला, जेवण नकोसे झाले, बाळ झोपलेले असतानाही हिला झोप येईना, तर तो आजार असू शकतो असे धरून डॉक्टरांकडे जावे. हे नखरे नव्हेत, आणि बाहेरचेही काही नव्हे. घरच्यांना देवळात गाऱ्हाणे घालायचे असेल तर खुशाल घालू दे, त्यावरून सासुरवाडीत वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त त्या नादात तपासणी लांबणीवर पडता कामा नये. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दोन्ही तपासून घ्या, कारण रक्त कमी असले किंवा थायरॉइड बिघडले तरी माणूस असाच गळून जातो. मनावरचे औषध दिलेच, तर गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत फरक नाही म्हणून ते परस्पर बंद करू नका. अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधे आहेत, म्हणून ती पाजते आहे हे डॉक्टरांना आधी सांग.

मानसोपचार म्हटले की आपल्याकडे थेट रत्नागिरीचे मनोरुग्णालय डोळ्यांपुढे येते आणि माजघरात कुजबुज सुरू होते. अशा आजारात बहुतेकींना भरती व्हावेच लागत नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फुकट बोलता येते, मराठीतूनही.

आता मुख्य गोष्ट झोपेची. पाजण्याचे काम तुला करता येणार नाही, पण त्याभोवतीचे सगळे येते. रात्री दहाला तिने पाजले की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, लंगोट बदलावा आणि पडवीत येरझाऱ्या घालून त्याला निजवावे. मध्ये ते उठले तर आधी काढून ठेवलेले तिचेच दूध वाटी-चमच्याने पाजावे. तिला सलग चार-पाच तास झोप मिळाली, तर डिंकाच्या लाडवांनी होणार नाही तेवढे काम होईल. सासूबाई ‘पुरुषाने हे कशाला’ म्हणतील. हसून सोडून दे आणि बाळ हातातून खाली ठेवू नकोस.

‘काळजी करू नकोस, सगळे ठीक होईल’ हे वाक्य मात्र टाळ. त्यानंतर समोरच्याला बोलायला काही उरतच नाही. त्यापेक्षा ‘आज दिवसातला कुठला वेळ जड गेला?’ असे विचार आणि ती बोलत असताना उपाय सुचवू नकोस. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, हेही सरळ विचार. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल, किंवा ती बाळाबद्दल भलतेच काही बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, तर तिला क्षणभरही एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. तिथे पेटी, भाव, तोड काही आड येऊ देऊ नकोस.

तुझ्याबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, की संध्याकाळी डोके ठणकते आणि मित्रांबरोबर ‘बसणे’ वाढले आहे. पुरुषाची उदासी पुष्कळदा राग आणि दारू या वाटांनीच बाहेर पडते. रक्तदाब मोजून घे. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आकडा दोन-तीन निरनिराळ्या दिवशी आला, तर औषधासाठी माझ्याकडे ये. आणि हे तिच्यापासून लपवू नकोस. तिच्या डोक्याला ताप नको म्हणून नवरा सगळे पोटात ठेवतो, याचे आपल्याकडे भारी कौतुक असते, मला ते पटत नाही. आजारी माणसालाही आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत हे जाणवावे लागते. ‘माझी झोप उडाली आहे, तू रोज रात्री पाच मिनिटे माझ्याशी बोल’ असे तू म्हणालास, तर ते तिच्यावर ओझे होईलच असे नाही.

या रविवारी निघ. तपासणीचे कागद आणि औषधांची चिठ्ठी यांचा फोटो काढून मला पाठव, म्हणजे पुढचे फोनवर बोलू.

तुझा,
डॉक्टरकाका