कॅप्रिस विकावी की ठेवावी? मिशिगनमधील एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्याचा सारांश प्रथम देतो. आपण ४७ वर्षांचे असून मिशिगनमध्ये वाहन उद्योगात अभियंता आहात. २०१८ साली एका नगरपालिकेच्या लिलावात आपण पोलीस दलातून निवृत्त झालेली २०१३ सालची शेव्हरोले कॅप्रिस पीपीव्ही (म्हणजे पोलिसांच्या गस्तीसाठी बनवलेली आवृत्ती) १२,००० डॉलरला घेतली. त्यानंतर सुपरचार्जर (ताकद वाढवण्यासाठी इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र), फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेले मजबूत पिस्टन घालून नव्याने बांधलेले इंजिन, मूळच्या ऑटोमॅटिकच्या जागी सहा गतींचा मॅन्युअल गिअरबॉक्स, मोठे ब्रेक आणि नव्या आसनांवर आणखी ३१,००० डॉलर खर्च केले. एकूण ४३,००० डॉलरच्या या गाडीला क्लीव्हलँडजवळ राहणाऱ्या एका परिचिताने २६,००० डॉलर देऊ केले आहेत. दुसऱ्या बाजूला क्रेडिट कार्डावर २३ टक्के व्याजाने १४,००० डॉलर देणे आहे, हाताशी बचत ६,००० डॉलरची आहे आणि थोरली मुलगी दोन वर्षांनी कॉलेजात जाणार आहे. गाडी दुर्मीळ आहे, तिचा कारखानाही बंद झाला आहे, तेव्हा थांबल्यास किंमत वाढेलच, असे आपल्याला वाटते. आपल्या पत्नीला तसे वाटत नाही.

माझे मत असे आहे की गाडी विकावी, आणि ती येत्या वसंतातच विकावी. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, कारण सहा वर्षांचे शनिवार-रविवार आणि पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर गॅरेजमध्ये घालवलेले तास त्या गाडीत आहेत, हे आपल्या पत्रातून स्पष्ट दिसते.

दुर्मीळपणाचा मुद्दा आधी घेतो, कारण आपला सारा भरवसा त्याच्यावर आहे आणि तो निराधारही नाही. ही गाडी ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळील एलिझाबेथ येथे होल्डन या जनरल मोटर्सच्या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या कारखान्यात तयार होत असे आणि २०११ ते २०१७ या मॉडेल वर्षांत अमेरिकेत केवळ पोलीस दलांना विकली जाई. सर्वसामान्य ग्राहकाला नवी कॅप्रिस मिळतच नव्हती. २० ऑक्टोबर २०१७ रोजी तो कारखाना बंद झाला आणि २०२० साली जनरल मोटर्सने होल्डन हे नावच निकालात काढण्याचे जाहीर केले. सहा लिटरचे, ३५५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन असलेली ही मोठी सेडान आता पुन्हा होणार नाही, हे आपले म्हणणे खरे आहे.

परंतु वस्तू दुर्मीळ असणे आणि तिला गिऱ्हाईक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या गाड्यांचा संग्रह करणारे लोक जास्त पैसे मोजतात ते कारखान्यातून निघाली तशीच राहिलेल्या, कमी चाललेल्या, सर्व कागदपत्रे शाबूत असलेल्या गाडीसाठी. आपली गाडी त्या अर्थाने आता मूळ कॅप्रिस राहिलेली नाही. कारखान्याने या गाडीला मॅन्युअल गिअरबॉक्स कधी दिलाच नव्हता, त्यामुळे आपण केलेला बदल उत्साही चालकाला भुरळ घालेल, पण संग्राहकाला तो दोषच वाटेल. म्हणजे संग्राहकांचा वर्ग आपण स्वतःच बाजूला सारला आहे आणि उरलेला वर्ग आहे तो वेगाची आवड असणाऱ्या, बहुधा आपल्याइतक्याच हौशी आणि बहुधा आपल्यापेक्षा तरुण माणसांचा, ज्यांच्या खिशाला मर्यादा असतात. शिवाय अशा खरेदीदाराला दुसऱ्याने बांधलेल्या इंजिनावर विश्वास ठेवायचा असतो, आणि त्या विश्वासाची किंमत तो नेहमी कमीच लावतो. आपण ३१,००० डॉलर घातले म्हणून गाडीची किंमत ३१,००० डॉलरने वाढली, असे कोणत्याही बाजारात होत नाही. तो पैसा आपण मनापासून आवडलेल्या कामावर खर्च केला. तो खर्च होता, गुंतवणूक नव्हती. विक्रीचा निर्णय घेताना ४३,००० हा आकडा डोळ्यांसमोरून पूर्णपणे हटवावा, अशी माझी विनंती आहे. आज समोर आहे ती २६,००० डॉलरची वस्तू, आणि ती जवळ ठेवायला वर्षाला किती लागते, एवढाच प्रश्न आहे.

आपणच दिलेल्या आकड्यांवरून तो हिशेब मांडतो. गाडी ठेवण्याच्या जागेचे भाडे महिन्याला १२० डॉलर, म्हणजे वर्षाला १,४४०. विमा ९६०, नोंदणी १८०, टायर, तेल आणि किरकोळ दुरुस्ती सरासरी ९००. बेरीज ३,४८० डॉलर. हा दिसणारा खर्च झाला. न दिसणारा असा की गाडी विकून ज्या कर्जाची आज फेड होऊ शकते, ते १४,००० डॉलर २३ टक्क्यांनी तसेच राहिले तर वर्षाला ३,२२० डॉलर व्याज जाते. दोन्ही मिळून ६,७०० डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे ५५८. गाडीच्या आजच्या किमतीच्या तुलनेत हे प्रमाण जवळजवळ २६ टक्के भरते. आपण केवळ जागच्या जागी राहावे, नफाही नको आणि तोटाही नको, एवढ्यासाठी ही गाडी दरवर्षी सुमारे २६ टक्क्यांनी महाग व्हायला हवी. शंभर हातांतून गेलेल्या, पोलिसांनी वापरलेल्या आणि आपण पूर्ण बदललेल्या सेडानकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही. हौसेला मोल नसते हे मला मान्य आहे, पण इथे हौस क्रेडिट कार्डाच्या पैशावर उभी आहे आणि त्या पैशाला फार मोठे मोल आहे.

पत्राच्या शेवटी आपण ओघात एक गोष्ट लिहिली आहे, जी मला गाडीपेक्षाही जास्त काळजीची वाटली. गेल्या वर्षी इंजिनाच्या कामासाठी आपण ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती-बचत योजनेतील आपला वाटा पगाराच्या ६ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. आपली कंपनी ६ टक्क्यांपर्यंत निम्मी भर घालते आणि आपला पगार १,१०,००० डॉलर आहे. म्हणजे कंपनीकडून हक्काने मिळणारे १,६५० डॉलर आपण दरवर्षी सोडून देत आहात. वरच्या ६,७०० मध्ये ही रक्कम मी धरलेलीही नाही.

आता विम्याबद्दल, कारण गाडी विकेपर्यंतचा धोका इथेच आहे. आपली पॉलिसी साधी आहे आणि बदलांची माहिती आपण विमा कंपनीला दिलेली नाही, असे दिसते. साधी पॉलिसी अपघातानंतर गाडीचे त्या दिवशीचे बाजारमूल्य देते, आणि ते मूल्य २०१३ सालच्या वापरलेल्या पोलीस गाडीचे धरले जाईल, सुपरचार्जर लावलेल्या गाडीचे नाही. त्यात ही गाडी ऑस्ट्रेलियन आहे. इंजिनाचे बरेच सुटे भाग जनरल मोटर्सच्या इतर व्ही-८ गाड्यांशी जुळतात, पण कॅप्रिसचा लांब सांगाडा, मागचे दरवाजे आणि मागच्या काचा तिच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या भावंडांना, म्हणजे पाँटिअॅक जी-८ आणि शेव्हरोले एसएसला, जुळत नाहीत. मागून बसलेला एखादा साधा धक्कासुद्धा ही गाडी दुरुस्तीच्या पलीकडे नेऊ शकतो. म्हणून याच आठवड्यात विमा कंपनीला सर्व बदल लेखी कळवावेत आणि दोघांनी आधीच ठरवलेल्या मूल्यावर विमा मिळतो का ते विचारावे. तसे होत नसेल तर विक्री होईपर्यंत गाडी कमीत कमी रस्त्यावर काढावी.

आपल्या मित्राने सुचवलेला मार्ग, म्हणजे महागडे भाग काढून वेगळे विकायचे आणि उरलेली गाडी साधी करून विकायची, मला पटत नाही. सुपरचार्जरसाठी आपण कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन बसवले आहेत. सुपरचार्जर काढला तर ते इंजिन मरगळलेले राहील, आणि मूळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आपण केव्हाच देऊन टाकला आहे. या मार्गाने कागदावर २८,००० दिसतात, पण ते हातात येईपर्यंत पाच-सहा महिने जातील, आणि त्या प्रत्येक महिन्याचे ५५८ डॉलर त्यातून वजा होतील. गाडी एकसंधच विकावी.

क्लीव्हलँडच्या प्रस्तावाकडे वळतो. तो चांगला आहे, पण त्यात एक अडचण दडलेली आहे, जी आपल्या दोघांच्याही लक्षात आलेली दिसत नाही. मिशिगनमध्ये गाड्यांची प्रदूषण तपासणी नाही. ओहायोच्या ईशान्येकडील सात काउंट्यांत मात्र ती आहे, ई-चेक नावाने, आणि क्लीव्हलँड ज्या कायाहोगा काउंटीत आहे ती त्या सातांपैकीच एक. २०१३ सालच्या गाडीचा संगणक तिथे जोडून पाहिला जातो. आपण लिहिता की मोकळ्या एक्झॉस्टसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारे भाग) काढून ठेवले आहेत आणि इंजिनाचा संगणक नव्याने ट्यून केला आहे. अशी गाडी त्या तपासणीत टिकणे कठीण आहे, आणि व्यवहारानंतर महिन्याभरात परिचिताचा फोन आला तर मैत्रीही जाईल. त्याखेरीज, कन्व्हर्टर काढणे हे राज्यात तपासणी नसली तरी केंद्रीय स्वच्छ हवा कायद्याच्या विरुद्धच आहे. मूळ कन्व्हर्टर आपण जपून ठेवले आहेत हे उत्तम झाले. विक्रीपूर्वी ते परत बसवावेत, ट्यून करणाऱ्याकडून संगणकाच्या सर्व स्वयंचाचण्या पूर्ण होतील असे करून घ्यावे आणि खरेदीदाराला हे सारे लेखी सांगावे. या कामाला जो काही खर्च येईल तो मी विक्रीचा खर्च समजेन, गाडीवरचा नवा खर्च नव्हे.

हे झाल्यावर परिचिताला २८,००० सांगावेत. तो २६,००० वर ठाम राहिला तर द्यावी. आपल्याला ३८,००० ची आशा आहे, आणि ब्रिंग अ ट्रेलर किंवा कार्स अँड बिड्स यांसारख्या संकेतस्थळांवरील लिलावात कोणी अनपेक्षित बोली लावेलही; पण तिथला खरेदीदार आपल्या बोलीत संकेतस्थळाचे शुल्क आधीच धरून चालतो, आणि तिथे इंजिनाच्या तासांपासून प्रत्येक पावतीपर्यंत सगळे जाहीरपणे विचारले जाते. पोलिसांची गाडी तासन्‌तास उभ्याउभ्या सुरू असते, त्यामुळे मैलांपेक्षा तासांचा आकडा अनुभवी माणसाला जास्त सांगतो. आपण इंजिन नव्याने बांधल्याचे कागद त्या प्रश्नाचे उत्तर ठरतील, म्हणून ते एकत्र लावून ठेवावेत. परिचिताने माघार घेतली तरच एप्रिल-मेमध्ये, रस्त्यांवरचे मीठ धुऊन गेल्यावर, २५,००० च्या खाली विकायची नाही अशी अट घालून गाडी लिलावात द्यावी. दोन महिने थांबण्याची किंमत सुमारे १,१०० डॉलर आहे, हे २६,००० नाकारण्यापूर्वी आठवावे.

व्यवहाराबद्दल थोडेसे. धनादेश खरेदीदाराच्या बँकेच्या शाखेत, आपल्यासमोर काढलेला असावा. नंबर प्लेट आपल्याकडेच राहते, ती काढून घ्यावी, आणि सही केलेल्या टायटलची, म्हणजे गाडीच्या मालकीच्या दाखल्याची, प्रत जपावी. विक्रीवर कर लागणार नाही, कारण आपण तोट्यात विकत आहात. मात्र वैयक्तिक वापराच्या गाडीतला हा तोटा उत्पन्नातून वजाही करता येत नाही. पावत्या तरीही सात वर्षे ठेवाव्यात, कारण पैसे एखाद्या ऑनलाइन पेमेंट कंपनीमार्फत आले आणि तिने त्याची नोंद करविभागाला कळवली, तर आपण नफा कमावला नाही हे त्या पावत्यांवरूनच दाखवता येईल.

हातात आलेल्या २६,००० पैकी १४,००० त्याच दिवशी कार्डावर भरावेत. उरलेले १२,००० मुलीच्या ५२९ खात्यात, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, टाकण्याचा मोह होईल, पण मी तसे सुचवणार नाही. आपला घरखर्च महिन्याला ५,५०० आहे आणि हाताशी जेमतेम एका महिन्याचे पैसे आहेत. आपल्या उद्योगात नोकरकपातीची लाट कधी येईल याचा नेम नसतो. ते १२,००० बचतीत गेले की १८,००० होतील, म्हणजे तीन महिन्यांहून थोडे अधिक. मग दरवर्षी वाचणाऱ्या ६,७०० मधून पहिले ३,३०० ४०१(के) चा वाटा पुन्हा ६ टक्क्यांवर नेण्यासाठी वापरावेत, ज्यावर कंपनीचे १,६५० आपोआप येतील, आणि उरलेले ३,४०० मिशिगनच्या ५२९ योजनेत घालावेत. पती-पत्नी मिळून १०,००० डॉलरपर्यंतच्या भरण्यावर राज्याच्या ४.२५ टक्के करात सूट मिळते, म्हणजे इथे सुमारे १४५ डॉलर. मुलीला दोनच वर्षे उरली असल्याने ते पैसे शेअर बाजारात न ठेवता सुरक्षित पर्यायात ठेवावेत.

परिचिताने इंजिन उचलण्याची घोडी, टॉर्क रेंच आणि बाकीची हत्यारेही आणखी दोन हजारांत मागितली आहेत, असे आपण लिहिले आहे. ती देऊ नका. ती ठेवायला भाडे लागत नाही, त्यांच्यावर कर्ज नाही, आणि पुढच्या वर्षी मुलगा सोळा वर्षांचा झाल्यावर त्याच्यासाठी जी साधी, जुनी गाडी आपण बघाल, तिचे ब्रेक त्याला स्वतःच्या हाताने बदलायचे असतील.