एजंटची गोष्ट लिहून देऊ नकोस

भावा, तुझा मेसेज दोनदा वाचला. आंतरजातीय लग्न, बायकोच्या घरच्यांच्या धमक्या, म्हणून दोघांनी कॅनडा गाठायचा. आणि एजंट म्हणतोय, व्हिजिटर व्हिसावर उतरा, असायलम (म्हणजे आश्रयाचा अर्ज) टाका, पण कारण राजकीय लिहा, 'ते लवकर चालतंय'. हे वाचून डोकंच फिरलं माझं.

मी स्टडी परमिटवर आलो, कर्ज काढून. असायलमचं मी जवळून बघितलं ते इथं कॅनडात, ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये. माझा रूममेट इचलकरंजीचा. त्याची गोष्टही एजंटनंच लिहिलेली: पक्षाच्या लोकांनी मारलं, गाव सोडावं लागलं. सुनावणी लॅपटॉपवर होती. शर्ट इस्त्रीचा, खाली ट्रॅक पॅन्ट. मी वर स्वयंपाकघरात बसून होतो. तासाभरानं तो वर आला आणि नुसता नळ सोडून उभा राहिला. त्याला विचारलं होतं, 'तुम्ही त्यानंतर दोन वर्षं पुण्यात नोकरी केलीत, असं व्हिसाच्या फॉर्मवर आहे. तिथं कोण आलं मारायला?' काय सांगणार?

हा प्रश्न तुलाही येणार, खरं सांगितलंस तरी. १९५१ च्या निर्वासित करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत एवढीच कारणं आहेत. आंतरजातीय लग्नाची केस त्यात बसू शकते. पण तुझ्याच देशात दुसऱ्या शहरात सुरक्षित राहता येतं का, पोलिसांकडे गेला होतास का, हे सुनावणी घेणारे खणून काढतात. भारतीयांच्या कितीतरी केसेस इथंच अडकतात.

म्हणून आधी एसपी ऑफिसला जा. सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष करायला आणि सेफ हाऊसचा विचार करायला सांगितलंय. अर्ज लेखी दे, पोच घे, धमकीचे मेसेज आणि कॉल रेकॉर्डिंग जपून ठेव. त्यातून संरक्षण मिळालं तर प्रश्नच मिटला. नाही मिळालं, तर उद्या हाच कागद तुझा पुरावा.

तरीही यायचं ठरलं, तर एवढं समजून ये. असायलमचा क्लेम केला की पासपोर्ट इथले अधिकारी ठेवून घेतात. मेडिकल तपासणी झाल्यावर वर्क परमिट मिळतं, हे एजंट बरोबर सांगतोय, पण निकालाला वर्षं जातात आणि मधे गावी जायचं नाव नाही. रूममेटनं वडिलांचं रक्षाविसर्जन व्हिडिओ कॉलवर बघितलं. एकदा क्लेम फेटाळला तर कॅनडात दुसरा करता येत नाही. अर्जात खोटं सापडलं तर पाच वर्षं बंदी लागू शकते. यूकेचं तर विचारूच नको, त्यांनी २०२४ मध्ये भारताला सुरक्षित देशांच्या, म्हणजे जिथल्या लोकांना आश्रयाची गरज नाही असं धरतात त्या देशांच्या, यादीत टाकलंय.

आणि तू शिरोलीत कारखान्यात सीएनसी मशीन चालवतोस म्हणालास, सहा वर्षं! एजंटनं त्याबद्दल एक शब्द विचारला नाही? त्या कामाच्या जोरावर रीतसर वर्क व्हिसाचा रस्ता असू शकतो, त्याला वेळ लागतो एवढंच. तोवर दोघं पुण्यात किंवा नाशकात राहा, गावात पत्ता सांगू नका.

पासपोर्ट त्याच्याकडे ठेवलायस ना? आज संध्याकाळी त्याचं ऑफिस बंद व्हायच्या आत जाऊन घेऊन ये. एकटा जाऊ नकोस, मित्राला सोबत ने.