आधी ओझं उचल

प्रिय मित्रा,

प्राण्यांना अमर आत्मा असतो की नाही, हे ठरल्याशिवाय त्यांच्या बाजूने व्यासपीठावरून बोलायचं कसं, असं विचारतोस. अरे, बायबलमधलं निर्गम २३:५ काढ. वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली दबलेलं दिसलं तर वाट बदलू नकोस, त्याला सोडवायला हात लाव. गाढवाच्या आत्म्याची चौकशी तिथे नाही. वैऱ्याशी समेट झाला का, हेही कोणी विचारत नाही. आधी ओझं उचल.

मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मपंडित ॲक्विनासचं म्हणणं तू उतरवून पाठवलंस: जनावरांशी क्रूर वागणारा उद्या माणसांशीही तसाच वागेल, म्हणून क्रौर्य टाळा. वीस वर्षं मीही हेच शिकवलं. पण यात गाढव कुठे आहे? माणसाचा हात मऊ राहावा म्हणून सरावाला ठेवलेलं सामान! उत्पत्ती ९ मधला देवाचा करार तर प्रलयानंतर नोहाच्या तारवातून उतरलेल्या प्रत्येक जिवाशी आहे. ज्याच्याशी देवाने करार केला, त्याला सरावाचं सामान म्हणायचं?

‘देवाला बैलांची काळजी आहे काय?’ हे प्रेषित पौलाचं वाक्य तुझ्या तोंडावर फेकतील. फेकू देत. सगळी सृष्टी कण्हते आहे, हे रोमकरांना पत्रात लिहिणाराही पौलच.

एकदा उपासनेनंतर एक बाई थांबल्या. हातात कुत्र्याचा पट्टा, बकलात अडकलेले दोन-चार पांढरे केस. ‘त्याच्यासाठी प्रार्थना कराल?’ मी हसलो. थोडंसंच, पण हसलो. त्या परत आल्या नाहीत. मी निर्दय नव्हतो रे, आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. (ही सबब मी स्वतःला बऱ्याचदा ऐकवली आहे.) खरं सांगायचं तर आत्म्याचा निकाल लागेपर्यंत मी त्यांना दारात उभं ठेवलं. आणि तू आता तेच करायला निघालास, म्हणून चिडलोय.

आर्थर ब्रूम हा धर्मगुरूच. १८२४ मध्ये लंडनमध्ये त्याने प्राण्यांवरचं क्रौर्य थांबवण्यासाठी संस्था उभी केली आणि तिच्या कर्जापायी तुरुंगात गेला. तुला फक्त एक उपदेश द्यायचा आहे!

रविवारी योना ४:११ घे. निनवे शहरावर दया करताना तिथल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांपाशी देव थांबत नाही, पुढे गुराढोरांचंही नाव घेतो. तिथे आवाज खाली आणू नकोस. मी आणायचो.

तुझा,
जुना शिक्षक